गुलाबाची गाठ

शेजारच्या काकूंचा गुलाब ‘बदलला’. तीन वर्षांपूर्वी आणला तेव्हा त्याला केशरी, मुठीएवढी फुलं यायची. मग एका उन्हाळ्यात काकू लेकीकडे महिनाभर राहून आल्या. परत आल्या तेव्हा झाडाच्या काटक्या झाल्या होत्या, पण पावसात ते बुडातून असं काही तरारून फुटलं की काकूंनी देवापुढे साखर ठेवली. फेब्रुवारीत पाहतात तर फिकट गुलाबी, रुपयाएवढी, झुबक्यानं आलेली फुलं. “नर्सरीवाल्यानं फसवलं,” असं काकूंचं म्हणणं. वॉचमनच्या मते माती बाधली. आमच्या मजल्यावरच्या एका जाणकारांनी तर शेजारच्या कुंडीतल्या गुलाबाचा वारा लागला, असाही निर्वाळा दिला.

यातलं काहीच झालं नव्हतं. बाजारात पिशवीत मिळणारं गुलाबाचं रोप बहुतेक वेळा एक झाड नसतं, दोन असतात. खाली असतो खुंट. हा रानगुलाबाच्या जातकुळीतला, काटक, मिळेल त्या मातीत मुळं रोवणारा. त्याच्या सालीत भरलेला असतो एक डोळा, आपण ज्याच्या फुलासाठी पैसे मोजतो त्या संकरित गुलाबाचा. डोळा फुटून त्याची फांदी झाली की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात. जोड जिथे झाला तिथे पुढे गाठ दिसते. काकूंच्या कुंडीत गाठीच्या वरचं झाड उन्हानं मेलं आणि खालचा खुंट तगला. भाडेकरू गेला आणि घरमालक राहायला आला, एवढंच.

हे सांगायचं कारण असं की गुलाबाची खरेदी, लागवड आणि पुढची देखभाल या तिन्ही ठिकाणी आपण जे चुकतो, ते बहुधा या गाठीपाशीच चुकतो. फुलावरून नजर काढून ती दोन बोटं जाडीची जागा पाहायची सवय लागली, तर गुलाब हे काही फार नखरेल झाड नाही. नाशिकला मोगल काळात गुलशनाबाद म्हणत, आणि आजही तळेगाव-मावळ भागातल्या पॉलिहाऊसमधून गुलाब परदेशी जातो. इथल्या हवेचं आणि गुलाबाचं वैर नाही.

आधी केव्हा जायचं ते ठरवा. पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. तिथून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात गुलाबाच्या पिशव्या दिसतात, आणि कित्येक वर्षं मीही त्यांतलीच एक होते. जानेवारीत गुलाब सर्वांत देखणा असतो, म्हणून तो तेव्हा घ्यावासा वाटतो. पण तेव्हा लावलेल्या रोपाला मुळं पसरायला जेमतेम दोन महिने मिळतात, की मार्च येऊन उभा. त्यापेक्षा दसरा-दिवाळीचा सुमार साधा. पाऊस ओसरलेला असतो, जमिनीत ओल असते, ऊन उतरणीला लागलेलं असतं आणि पुढे चार महिने थंडी हाताशी असते. ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबरची अखेर, हा माझ्या मते घाटमाथ्यापासून विदर्भापर्यंत सगळीकडे चालणारा काळ. कमी पावसाच्या भागात जून-जुलैही चालतो. कोकणात आणि गोव्यात मात्र पावसाळ्यात नवा गुलाब लावणं म्हणजे तो पाण्यात बुडवणं. एप्रिल-मे महिन्यांत नर्सरीत गेलात तर फक्त कुंड्या बघून या.

प्रदर्शनाला जरूर जा, पण वही घेऊन. कोणतं फूल उमललं की किती टिकतं, कोणाला वास आहे, कोणाची मान फुलाच्या भारानं लवते, हे तिथे एका ठिकाणी पाहायला मिळतं. नावं लिहून घ्या आणि ऑक्टोबरपर्यंत दम धरा.

नर्सरीत पोचल्यावर नजर साहजिकच सगळ्यांत जास्त फुलं असलेल्या रोपाकडे जाते. नर्सरीवाल्यालाही ते ठाऊक असतं आणि ते रोप पुढच्या रांगेत असतं. फूल असलेलं रोप घेण्यात एक फायदा आहे. रंग आणि वास यांची खात्री पटते, कारण पिशवीवरच्या चित्राचा आणि आतल्या रोपाचा संबंध असेलच असं नाही. पण रंग पटला की फुलाकडे पाठ करा आणि त्याच जातीची चार-पाच रोपं काढायला सांगा. मग खाली वाका.

गाठ शोधा. ती सहसा मातीच्या वर दोन-चार बोटांवर असते. तिच्यातून निघालेल्या निदान दोन, जमल्यास तीन फांद्या हव्यात आणि त्या शिसपेन्सिलीएवढ्या जाड हव्यात. काडीसारखी एकच फांदी आणि तिच्या टोकाला एक मोठं फूल, असं रोप म्हणजे नुकताच भरलेला डोळा घाईनं बाजारात आणलेला असतो. गाठ बोटानं हलकेच दाबून पाहा. ती टणक हवी. तिथे साल काळी पडलेली असेल, चीर असेल किंवा डिंकासारखं काही असेल तर रोप खाली ठेवा. कधीकधी डोळा भरताना बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी तशीच असते. ती असण्यात वाईट काही नाही, पण घरी आल्यावर ब्लेडनं उभी चिरून काढायला विसरू नका. मी एकदा विसरले. फांदी जाड होत गेली, पट्टी आत रुतली आणि दुसऱ्या वर्षी वाऱ्याच्या एका झोताला वरचं झाड गाठीपाशी मोडून हातात आलं.

गाठीच्या खालून कोवळा फुटवा आलेला आहे का, तेही पाहा. असेल तर तो खुंटाचा. खुंटाची फांदी कशी ओळखायची, यावर आपल्याकडे एक पाठ झालेलं उत्तर आहे: पाच पानं असली तर गुलाब, सात असली तर रानटी. ते विसरा. चांगल्या संकरित गुलाबालाही सात पर्णिकांची पानं येतात आणि काही खुंटांना पाच येतात. मी स्वतः सात मोजून एका चांगल्या झाडाची धडधाकट फांदी कापलेली आहे. फांदी कुठून निघाली, एवढंच पाहायचं. गाठीच्या वरून निघाली तर आपली, खालून निघाली तर खुंटाची.

आता पिशवी उचलून बघा. ती सहज उचलली गेली पाहिजे. जागची हलत नसेल, तर मुळं पिशवी फोडून खालच्या जमिनीत गेलेली असतात आणि नर्सरीवाला हिसका देऊन ती तोडतो. अशा रोपाचा हिरवेगारपणा चार दिवसांचा. फांद्यांची टोकं काळपट होऊन खाली खाली वाळत आली असतील तर तोही रोग सोबत येणार. पानांवर काळे ठिपके असलेलं, पानांखाली बारीक जाळी असलेलं, देठांवर पांढरे-करडे खवले चिकटलेले असं कोणतंही रोप ‘घरी नेऊन औषध मारू’ म्हणून घेऊ नका. बाकीच्या कुंड्यांनी काय पाप केलंय?

पिशवीतली माती चिमटीत घेऊन पाहा. आपल्याकडे येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमसारख्या रोपवाटिकांच्या गावांहून ट्रकमधून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून ती सोय असते. कुंडीत मात्र तो गोळा एकदा सुकला की दगड होतो, पाणी बाजूनं निघून जातं आणि मुळं तहानलेलीच राहतात. म्हणून रोप घेऊ नये असं नाही. लावताना काय करायचं, ते पुढे येतं.

ऑनलाइन मागवण्याबद्दल विचारलंत तर, गाठ न पाहता रोप घ्यायचं नाही हा माझा नियम आहे. आणि निळ्या गुलाबाच्या बिया तर कुणीही, कितीही स्वस्तात दिल्या तरी घेऊ नका. गुलाबाच्या पाकळीत निळं रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानमध्ये जनुक बदलून केलेला जो ‘निळा’ गुलाब २००९ साली बाजारात आला, तोही खरं तर जांभळट आहे. फुलवाल्याकडचे गडद निळे गुलाब हे पांढरे गुलाब रंगाच्या पाण्यात उभे केलेले असतात.

जातीचा प्रश्न येतो तेव्हा आपण कोणासाठी गुलाब लावतोय, हे आधी स्वतःला विचारावं. फुलदाणीसाठी लांब दांड्याचं एकटं मोठं फूल हवं असेल तर हायब्रिड टी. १८६७ साली फ्रान्समध्ये आलेल्या ‘ला फ्रान्स’पासून हा वर्ग सुरू झाला असं मानतात. बाग सतत फुललेली दिसावी असं वाटत असेल तर फ्लोरिबंडा. त्यात फुलं मध्यम, पण घोसानं येतात, आणि नवख्या माणसाला मी नेहमी हाच वर्ग सुचवते. एक घोस बिघडला तरी दुसरा असतो. पांढऱ्यात ‘आइसबर्ग’ मिळाला तर डोळे झाकून घ्या. जागाच नसेल तर मिनिएचर. नर्सरीत त्यांना बटण गुलाब म्हणून हाक मारतात. कमानीवर किंवा जाळीवर चढवायला वेलगुलाब. गुलकंद, पूजा आणि वास या तिन्हींसाठी मात्र देशी गुलाबाला तोड नाही. तो फांदी खोचूनही जगतो, म्हणजे त्याला गाठ नसते. वरून वाळला तरी बुडातून तोच फुटतो. कुणाच्या गावच्या परसात असेल तर ऑक्टोबरनंतर पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब फांद्या मागून आणा.

एक सावधगिरी. विकत आणलेल्या कोणत्याही रोपाच्या पहिल्या बहराचा गुलकंद करू नका. नर्सरीत त्यावर काय काय फवारलंय, ते आपल्याला माहीत नसतं.

भारतीय जाती मागून पाहा, हा माझा आग्रह. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे मोठे संशोधक, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. पण बागवाल्यांना ते ठाऊक आहेत गुलाबांसाठी. त्यांनी स्वतः कितीतरी गुलाब संकरातून तयार केले आणि १९६६ साली आलेलं त्यांचं ‘द रोझ इन इंडिया’ हे पुस्तक आजही जुन्या बागप्रेमींच्या कपाटात सापडतं. त्यांच्या आणि दिल्लीच्या पुसा संस्थेच्या जाती, म्हणजे ‘मृणालिनी’, ‘रक्तगंधा’, ‘अर्जुन’, ‘मोहिनी’ वगैरे, इथलं ऊन बघूनच वाढलेल्या. अडचण एकच. साध्या नर्सरीत नावानं कोणी ओळखत नाही. तिथे ‘लाल’, ‘पिवळा’, ‘दुरंगी’ आणि ‘डच’ एवढ्या चारच जाती असतात. ‘डच’ म्हणजे पॉलिहाऊसमधल्या कापणीच्या गुलाबांचं बाजारातलं नाव. ते फुलवाल्याकडे आठवडाभर टिकतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना वास नसतो आणि उघड्या गच्चीवर ते पॉलिहाऊससारखे वागतीलच असं नाही.

आता जागा. गुलाबाला दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन लागतं, शक्यतो सकाळचं. याला पर्याय नाही. मुंबईच्या उत्तरेकडच्या बाल्कनीत जिथे दोन तास तिरपं ऊन येतं, तिथे गुलाब जगतो, पण काड्या लांबवत राहतो आणि वर्षात दोन फुलं देतो. तिथे गुलाब लावू नका. नातेवाइकांनी भेट दिला तर गच्चीवाल्या मैत्रिणीला द्या. उलट नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात दुपारच्या उन्हाला हिरव्या शेडनेटचा आडोसा लागतो. हिवाळ्यात तोच काढून टाकायचा.

जमिनीत लावणार असाल तर दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि आठ-दहा दिवस उघडा तापू द्या. हायब्रिड टीच्या दोन झाडांत अडीच फूट, फ्लोरिबंडात दोन फूट, मिनिएचरमध्ये एक फूट अंतर ठेवा. पहिल्या वर्षी ते फार वाटतं आणि मध्ये झेंडू लावायचा मोह होतो. तिसऱ्या वर्षी काटे अंगाला ओरबाडू लागले की अंतर कशासाठी ते कळतं.

मातीचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. देशावरच्या काळ्या मातीत खाऊ-पिऊ घालायची ताकद आहे, पण पाऊस झाला की ती पाणी धरून बसते आणि गुलाबाची मुळं कुजतात. तिथे खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे घालून भागत नाही. पाणी त्या तुकड्यांतच साचतं. त्यापेक्षा जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करा, मातीत जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि भरपूर शेणखत मिसळा. चुनखडीची जमीन किंवा बोअरचं जड पाणी असेल तर कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत कमी पडलं म्हणून लोक युरिया टाकतात. कमी पडलेलं असतं लोह, आणि तेही मातीत असूनच. चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. अशा ठिकाणी कंपोस्टचा हात सढळ ठेवा आणि पावसाचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं औषध नाही. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत उलटी गोष्ट. पाणी झरझर निघून जातं आणि सोबत अन्नही वाहून नेतं. तिथे खत थोडं थोडं, पण वारंवार.

खड्डा भरताना दोन भाग माती आणि एक भाग शेणखत घ्या. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, हे वाक्य प्रत्येक लेखात असतं आणि प्रत्येक जण ते वाचून सोडून देतो. म्हणून कारण सांगते. अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणीच्या अळ्या असतात. इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या, पांढऱ्या, लठ्ठ. त्या मुळं खातात, आणि झाड कशानं सुकतंय ते कुंडी उपडी केल्याशिवाय कळत नाही. हातात घेतल्यावर चहाच्या पावडरीसारखं मोकळं, वास नसलेलं खत म्हणजे कुजलेलं खत. त्यात पाव किलो निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांचं खत घाला. घरात हाडांचं खत चालत नसेल किंवा माती चुनखडीची असेल, तर त्याऐवजी पन्नास ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. चुनखडीच्या मातीत हाडांचं खत तसंही विरघळत नाही, उगाच मुंग्या आणि कुत्री मात्र गोळा होतात.

कुंडीत लावणार असाल तर बारा इंची कुंडी ही हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडासाठी किमान. मिनिएचरला आठ-दहा इंची चालते. छोट्या कुंडीतून दर सहा महिन्यांनी मोठीत, हा खटाटोप गुलाबाला मानवत नाही. मातीची कुंडी मुळांना हवा देते पण उन्हाळ्यात दोनदा पाणी मागते. काळी प्लॅस्टिकची कुंडी गच्चीवर तव्यासारखी तापते. म्हणून मी फिकट रंगाच्या जाड प्लॅस्टिकच्या घेते आणि प्रत्येकीखाली दोन विटा ठेवते, म्हणजे भोकं मोकळी राहतात. खाली ताटली ठेवायची असेल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं ती ओता. ठेवायची नसेल तर खालच्या मजल्यावरच्यांचे कपडे कधी वाळत असतात, ते आधी माहीत करून घ्या. मिश्रणात एक भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा शेणखत आणि एक भाग कोकोपीट व जाड वाळू, शिवाय मूठभर निंबोळी पेंड. निव्वळ कोकोपीटमध्ये गुलाब लावू नका. ते आपल्या विसरभोळेपणाला माफ करत नाही.

रोप आणलं की त्याच दिवशी लावायची घाई नको. तीन-चार दिवस ते सकाळचं ऊन मिळेल अशा जागी, आहे त्या पिशवीत राहू द्या. मग संध्याकाळची वेळ धरा. पिशवी बाजूनं कापा. रोप वरून ओढून काढायचं नाही, गाठीवर ताण येतो. माती भुसभुशीत असेल तर गोळा तसाच लावा. चिकणमातीचा गोळा असेल तर बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि बोटांनी हळूहळू बाहेरचा एक तृतीयांश थर सोडवा. सगळा गोळा धुऊन मुळं उघडी करणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ज्यांच्या हाताला तो सराव आहे त्यांचं जमतं. आपलं रोप त्या धक्क्यानं आठवड्यात माना टाकतं. बाहेरचा थर निघाला की नवी मुळं वाट काढतात. गोल गोल फिरलेली मुळं असतील तर ती तेवढी सोडवा, काळी कुजलेली कात्रीनं कापा.

आता गाठ कुठे ठेवायची? इंग्लंड-अमेरिकेकडची पुस्तकं आणि त्यांच्यावरून केलेले व्हिडिओ सांगतात की गाठ जमिनीत दोन इंच पुरा. ते त्यांच्या ठिकाणी बरोबर आहे. तिथे बर्फ पडतो, गाठ उघडी राहिली तर थंडीनं मरते. आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे. गाठ मातीखाली गेली की ओलीनं कुजते, नाहीतर खुंटाचे फुटवे मातीतून कधी आले ते दिसतच नाही. म्हणून गाठ मातीच्या वर दोन ते तीन बोटं. पहिल्या दोन पाण्यांत माती खाली बसते, रोपही थोडं खाली जातं, तो हिशेब धरून सुरुवातीला किंचित वरच ठेवा. पुढेही दर वेळी खत-माती घालताना गाठ हळूहळू गाडली जाते. लोकांचे गुलाब तिसऱ्या-चौथ्या वर्षी जातात, त्यातले कितीतरी असे प्रेमानं गाडलेले असतात.

कडेची माती तळहातानं दाबा, पायानं नको. बुंध्याभोवती आळं करा आणि पाणी दोन टप्प्यांत द्या: पहिलं मुरलं की दुसरं. मग आठ-दहा दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा. रोपावर असलेली फुलं आणि कळ्या काढून टाका. हे सगळ्यांत जड जातं. ज्या फुलासाठी रोप आणलं तेच कापायचं! पण मुळं बसण्याआधी फूल पोसायला लावलं तर रोप दोन्हीकडून जातं. महिनाभर कळी दिसली की खुडायची आणि या महिन्यात कुठलंही रासायनिक खत द्यायचं नाही. नवी तांबूस पालवी तळव्याएवढी झाली की समजायचं मुळांनी घर केलं.

पाण्याचं वेळापत्रक मी देणार नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर उद्या बघू. कोरडं लागलं तर भरपूर, मुळाशी आणि सकाळी. संध्याकाळी पाइपनं पानांवर फवारा मारत उभं राहणं माणसाला शांत करतं, पण रात्रभर ओली राहिलेली पानं काळ्या ठिपक्यांना आमंत्रण देतात.

रोगकिडींबद्दल घाबरवणारं पुष्कळ लिहिलेलं असतं, मी थोडक्यात आटोपते. पावसाळ्यात काळे ठिपके: पिवळी पडून गळलेली पानं गोळा करून फेका, कुंडीत कुजू देऊ नका. हिवाळ्यात कोवळ्या शेंड्यांवर पांढरी भुरी: पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हाच्या दिवसांत नाही, पानं करपतात. मावा पाण्याच्या जोरदार धारेनं पडतो. खवले किडीला जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. उन्हाळ्यात पानं धुरकट होऊन मागे जाळी दिसली तर लाल कोळी, त्यालाही पानांच्या मागून सकाळी पाणी मारा. फुलकिडे कळ्या करपवतात, अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका. लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण हा फवारा पंधरा दिवसांनी, तोही उन्हं कलल्यावर.

छाटणीचा विषय पहिल्या वर्षी जवळजवळ नसतोच. फूल सुकलं की खालच्या पहिल्या पाच पर्णिकांच्या, बाहेर तोंड असलेल्या पानाच्या वर सिकेटरनं तिरका काप द्यायचा, इतकंच. दुसऱ्या वर्षापासून पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला मुख्य छाटणी. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढून उरलेल्या निम्म्यावर आणायच्या आणि कापांना बोर्डो पेस्ट लावायची. त्यानंतर साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत बहर येतो. डिसेंबरातलं लग्नकार्य बागेतल्या फुलांनी सजवायचं असेल तर तारीख उलटी मोजा.

आणि वर्षभर, पाणी घालताना, एक नजर गाठीखाली. खुंटाचा फुटवा दिसला तर तो कात्रीनं कापू नका. कापला की त्याच ठिकाणाहून तीन येतात. थोडी माती बाजूला करा, फुटवा जिथून निघाला तिथे धरा आणि खाली ओढून मुळासकट उपटा. कोवळा असतानाच. जून झाला तर निघत नाही, आणि तोवर तो वरच्या झाडाचं अन्न खाऊन हातभर वाढलेला असतो.

काकूंचं झाड मात्र उपटायचं नाही, असं काकूंनी ठरवलं. “देवाला चालतात की ही फुलं.” मलाही ते पटलं, कारण त्या कुंडीत आता चार वर्षांचा, घट्ट मुळांचा फुकटचा खुंट तयार होता. दिवाळीनंतर आम्ही तो बुडापासून वीतभरावर आणला. जानेवारीपर्यंत त्याला पेन्सिलीएवढे तीन फुटवे आले. माझ्या फ्लोरिबंडाचं फूल नुकतंच गळलेल्या फांदीवरून फुगीर पण न उमललेले तीन डोळे सालीसकट काढले, प्रत्येक इंचभर लांब. खुंटाच्या फुटव्यावर बुडाजवळ धारदार चाकूनं इंग्रजी ‘टी’सारखा काप घेतला, साल दोन्हीकडून उचलली, डोळा आत सरकवला आणि तेवढा डोळा उघडा ठेवून वर-खाली प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली. तीन आठवड्यांनी एक डोळा काळा पडला होता, दोन हिरवे होते. हिरव्यांच्या वरचे शेंडे छाटले, पट्टी उभी चिरून काढली. काळ्या पडलेल्याच्या जागी काकूंना पिवळा हवाय. पुढच्या थंडीत बघू.